रिपोर्ट सगळे आले, तरी ताप कशाचा ते कळत का नाही?

तुमचा प्रश्न बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात मांडतो. आई काटोलकडच्या गावात राहते, वय ५४, शेतात निंदणाला जाते. आठ दिवसांपासून ताप आहे. गावच्या डॉक्टरांनी विडाल ही रक्ताची तपासणी पॉझिटिव्ह पाहून टायफॉइड सांगितला आणि सेफ्ट्रायॅक्झोन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं सुरू केली. सात दिवस झाले, तरी ताप १०२-१०३ पर्यंत चढतोच आहे. डेंग्यू निगेटिव्ह, मलेरिया निगेटिव्ह, प्लेटलेट ८२,०००. आता तुम्ही त्यांना नागपूरला आणलंय, रिपोर्टांचे सगळे सात कागद पाठवलेत आणि विचारताय की यावरून नेमका आजार कोणता.

आधी तातडीचं सांगतो. आईला धाप लागत असेल, लघवी कमी झाली असेल, त्या असंबद्ध बोलत असतील किंवा सारख्या झोपेत असतील, पोटात खूप दुखत असेल, उलट्या थांबत नसतील किंवा कुठूनही रक्त जात असेल, तर पुढे वाचत बसू नका. नागपूरची मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं किंवा आयसीयू असलेलं जवळचं कुठलंही हॉस्पिटल गाठा. यातलं काहीच नसलं, तरी आजच्या आज फिजिशियनला दाखवा. इतक्या दिवसांचा ताप आणि त्यात ८२,००० प्लेटलेट, हे घरी ठेवून बघण्याचं काम नव्हे.

आता तुमच्या प्रश्नाकडे. नुसत्या रिपोर्टवरून मला निदान सांगता येणार नाही, आणि कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मात्र तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी मला सातही कागदांपेक्षा जास्त बोलक्या वाटतात: शेतातलं निंदण, आणि सात दिवसांच्या इंजेक्शनांनी न उतरलेला ताप. त्या का, हे सांगतो. निदान कसं होतं, हेही त्यातूनच कळेल.

सुरुवात तारखांपासून करू. तुम्ही म्हणता ताप आठ दिवसांचा. इंजेक्शनं सात दिवस चालली आहेत आणि ती विडाल पाहून सुरू झाली. मग विडालसाठी रक्त घेतलं ते तापाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी. विडालमध्ये टायफॉइडचा जंतू दिसत नाही. शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेल्या अँटिबॉडी मोजल्या जातात, आणि त्या तयार व्हायला पहिला आठवडा जवळजवळ संपावा लागतो. दुसऱ्याच दिवशी त्या भरपूर असतील, तर एक तर त्या जुन्या आहेत (आपल्याकडे कधीतरी होऊन गेलेल्या संसर्गाच्या किंवा दुसऱ्याच एखाद्या तापाच्या निमित्ताने वर आलेल्या), नाहीतर ताप आठ दिवसांचा नाही, जास्त दिवसांचा आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. एकदाच केलेल्या विडालवर टायफॉइड ठरवू नये, हे आम्ही मेडिकलच्या मुलांना वर्षानुवर्षं सांगतो. पहिल्या आठवड्यात, अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर (रक्तातला जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं), हा टायफॉइड पकडण्याचा त्यापेक्षा कितीतरी खात्रीचा मार्ग आहे.

डेंग्यूच्या रिपोर्टवरही तीच तारीख आहे आणि त्यात फक्त एनएस-१, म्हणजे डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन, तपासलंय. ही तपासणी तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगी पडते. त्यानंतर ते प्रथिन रक्तातून कमी होत जातं आणि आयजीएम अँटिबॉडी बघाव्या लागतात. ताप खरोखर दुसऱ्या दिवसाचा होता, तर निगेटिव्ह एनएस-१ला वजन आहे. सहाव्या दिवसाचा होता, तर फारसं नाही. ताप सुरू झाल्याची तारीख चार दिवसांनी मागे सरकली, तर दोन रिपोर्टांचा अर्थ बदलतो. ती तारीख लॅब सांगू शकत नाही, आईच सांगू शकते.

आणि ती अशी विचारून मिळत नाही. "किती दिवसांपासून?" विचारलं की कुणीही "आठ-दहा दिवस" म्हणतं. आमच्या भागात मी सणांवरून विचारतो. पोळ्याला पुरणपोळी केली तेव्हा बरं होतं का? दुसऱ्या दिवशी मारबत, तेव्हा? गणपती बसले तेव्हा? महालक्ष्म्यांचा स्वयंपाक कुणी केला? मग उत्तर येतं, "नाही जी, महालक्ष्मीले तर मी उठूच नाही शकली, सुनेनंच सारं केलं. अन् त्याच्या आधी दोन दिवस मस्तक लय ठणकत होतं." बस, तारीख मिळाली. ताप आधी की डोकेदुखी आधी, हेही मिळालं. तुम्ही डॉक्टरांकडे निघण्याआधी आईजवळ बसून एवढं एक काम करा.

प्लेटलेटबद्दल लोकांच्या मनात फार भीती असते, म्हणून स्पष्ट सांगतो: ८२,००० या आकड्यावर कुठल्याही आजाराचं नाव लिहिलेलं नाही. डेंग्यूत प्लेटलेट उतरतात, तशाच मलेरियात उतरतात, लेप्टोस्पायरोसिसमध्ये (उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा संसर्ग) उतरतात, रक्तात जंतू पसरले तर उतरतात आणि स्क्रब टायफसमध्येही उतरतात. तुमच्या आईच्या बाबतीत माझ्या मनात सगळ्यात वर आहे तो हा शेवटचा.

स्क्रब टायफस ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी नावाच्या जंतूमुळे होतो. गवतात, झुडपांत, बांधावर वाढलेल्या रानात एक अगदी बारीक, डोळ्यांना जेमतेम दिसणारा माइट, म्हणजे गोचिडीसारखा किडा, असतो. त्याची अळी चावली की जंतू अंगात शिरतो. साधारण एक ते दोन आठवड्यांनी ताप येतो. पावसाळ्याचा उत्तरार्ध आणि त्यानंतरचे काही आठवडे हा त्याचा हंगाम, म्हणजे नेमका निंदणाचा, गवत कापण्याचा काळ. २०१८च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नागपूर आणि आसपासच्या भागात त्याचे इतके पेशंट आले की तोपर्यंत हे नाव न ऐकलेल्यांनाही ते पाठ झालं. त्यानंतरही दर पावसाळ्यात आम्हाला तो दिसतो. तरी खेड्यातल्या तापाच्या नेहमीच्या तपासण्यांमध्ये, म्हणजे सीबीसी, विडाल, मलेरिया, डेंग्यू यांत, त्याची तपासणी बहुतेकदा नसते. तुमच्या सात कागदांतही नाही.

इंजेक्शनांचा मुद्दा इथेच येतो. सेफ्ट्रायॅक्झोन हे टायफॉइडवरचं चांगलं औषध आहे. त्यावर टायफॉइडचा ताप लगेच उतरत नाही, चार-सहा दिवस घेतो, पण चढ रोज थोडा कमी होताना दिसतो. सातव्या दिवशीही १०३ येत असेल, तर निदानाकडे पुन्हा बघायला हवं. स्क्रब टायफसचा जंतू पेशींच्या आत राहतो आणि त्या गटातली औषधं त्याच्यावर चालत नाहीत. त्याला डॉक्सिसायक्लिन लागतं, नाहीतर अ‍ॅझिथ्रोमायसिन. डॉक्सिसायक्लिन जुनं आणि अतिशय स्वस्त औषध आहे. योग्य पेशंटला वेळेत मिळालं की बहुतेकदा ४८ तासांत ताप उतरायला लागतो. उशीर झाला तर हाच आजार फुफ्फुसं, किडनी, मेंदू यांवर जातो आणि माणूस व्हेंटिलेटरवर पोचतो. म्हणून पक्का संशय असेल, तर आम्ही रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करतो.

हा संशय पक्का करायला एक खूण आहे. अळी जिथे चावते तिथे अनेकदा काळी खपली धरते. सिगारेटचा चटका बसावा तशी दिसते: मध्ये काळी, कोरडी, कडेने लालसर वळ, आकार अर्धा-एक सेंटिमीटर. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून पेशंट स्वतःहून कधीच सांगत नाही. कित्येकदा त्याला माहीतही नसते. आणि ती असते कुठे? काखेत, जांघेत, स्तनाखाली, कमरेला परकराची नाडी बांधतात तिथे, कानामागे केसांत, ढुंगणाच्या घडीत. कपडे बाजूला करून, चांगल्या उजेडात शोधल्याशिवाय ती सापडत नाही. घाईच्या ओपीडीत आमच्या खेड्यातल्या बायांची अशी तपासणी होतच नाही. बाई लाजते, डॉक्टर संकोचतो, मुलगा शेजारी उभा असतो. तुम्ही बाहेर थांबा आणि बायकोला किंवा बहिणीला आईचं सगळं अंग नीट बघू द्या. अशी खपली दिसली, तर डॉक्टरांना आत गेल्या गेल्या सांगा. दिसली नाही, तर स्क्रब टायफस नाही असं मात्र समजू नका. खूप जणांत ती नसते.

हे सगळं लिहिल्यावरही मी निदान झालं असं म्हणत नाही. यादीत आणखी नावं आहेत. मलेरियाचं एक स्मिअर (काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलेला रक्ताचा थेंब) निगेटिव्ह आल्याने मलेरिया बाद होत नाही, विशेषतः आई महिनाभरात गडचिरोली, गोंदिया किंवा बालाघाटकडे कुणाकडे जाऊन आल्या असतील तर. गुडघाभर पाण्यात काम केलं असेल, पोटऱ्या हात लावू देत नाहीत इतक्या दुखत असतील, डोळे लाल झाले असतील, तर लेप्टोस्पायरोसिस. लघवीला जळजळ, कमरेत एका बाजूला ठणका असेल, तर किडनीचा संसर्ग. संध्याकाळचा बारीक ताप आणि घटलेलं वजन महिन्याभराचं असेल, तर टीबी. यातल्या प्रत्येकाची वाट एका प्रश्नाने उघडते किंवा बंद होते.

तुम्हाला वाटेल, एवढं विचारत बसण्यापेक्षा सगळ्याच तपासण्या एकदम का करू नयेत? पैशाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी अडचण उरते. एक साधा हिशोब बघा. समजा एखादी तपासणी आजार असलेल्या १०० पैकी ९० जणांना बरोबर पकडते आणि आजार नसलेल्या १०० पैकी ९० जणांना बरोबर सोडून देते. चांगलीच तपासणी म्हणायची. ती तुम्ही अशा १,००० लोकांवर केली, ज्यांच्यात तो आजार फक्त १० जणांना आहे. त्या १० पैकी ९ पॉझिटिव्ह येतील. उरलेल्या ९९० निरोगी लोकांपैकी ९९ जणही पॉझिटिव्ह येतील. एकूण पॉझिटिव्ह १०८, त्यात खरे आजारी फक्त ९. आता तीच तपासणी अशा १,००० लोकांवर करा, ज्यांच्या हिस्टरीवरून, म्हणजे त्यांनी सांगितलेल्या हकिकतीवरून, निम्म्यांना तो आजार असावा असं आधीच दिसतंय. तिथे ४५० खरे पॉझिटिव्ह, ५० खोटे. किट तेच, लॅब तीच, कागदावरचा शब्द तोच. पण पहिल्या गटात पॉझिटिव्ह रिपोर्टवर औषध दिलं तर बाराजणांतल्या अकरांना चुकीचं औषध गेलं, आणि दुसऱ्या गटात दहातल्या नऊ जणांना बरोबर गेलं. पेशंट कुठल्या गटातला, हे तपासणीआधीच्या बोलण्यावरून ठरतं. आईच्या विडालचं काय झालं असावं, ते या हिशोबात बसवून पाहा.

१९७५ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी हे मोजून पाहिलं होतं. ओपीडीत नव्याने आलेल्या ८० पेशंटांपैकी ६६ जणांत, चिठ्ठी वाचून आणि हिस्टरी ऐकून केलेलं निदान शेवटपर्यंत तेच राहिलं. प्रत्यक्ष अंग तपासल्यावर ७ जणांचं बदललं आणि लॅबच्या तपासण्यांनंतर आणखी ७ जणांचं. तेव्हा एमआरआय नव्हता, सीटी स्कॅन नुकता आला होता, हे खरं. पण आजही ओपीडीत बसल्यावर मला हेच प्रमाण जवळचं वाटतं. आणि ज्यांच्या बाबतीत हिस्टरीने निदान होत नाही, त्यांच्यातही कुठला स्कॅन करायचा हे हिस्टरीच सांगते.

आमच्या भागात तर जागा आणि काम विचारल्याशिवाय गत्यंतर नाही. चांदीपुरा विषाणूचं नावच नागपूरच्या चांदीपुरावरून पडलंय. १९६५ साली इथल्या तापाच्या पेशंटांच्या रक्तातून तो पहिल्यांदा वेगळा केला गेला. पावसाळ्यात लहान मुलाला अचानक जोराचा ताप, झटके, आणि काही तासांत बेशुद्धी, असं ऐकलं की घराच्या भिंती मातीच्या आहेत का, भेगा आहेत का, हे विचारावं लागतं, कारण तो वाळूमाशीतून पसरतो. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. असा माणूस आला की त्याला उलट्या, घाम, तोंडाला पाणी आणि बारीक झालेल्या बाहुल्या असतात, "आज फवारलं का?" हा प्रश्न विचारला नाही, तर हगवण-उलटी म्हणून नुसतं सलाईन लागतं. अंगदुखीने वारंवार येणाऱ्या, डोळे पिवळसर असणाऱ्या तरुण मुलाला घरात कुणाला रक्त चढवावं लागतं का, हे विचारलं की सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं निदान अर्धं होतं.

एक प्रसंग जरा सविस्तर सांगतो, कारण त्यात तपासणीचा एकही कागद नाही. पावसाळ्यातली सकाळ. तिशीचा मजूर, पहाटे चारला पोटात कळा आल्या म्हणून उठला, दोन उलट्या झाल्या. गावात ॲसिडिटीचं इंजेक्शन मिळालं. सातच्या सुमारास पापण्या जड झाल्या, घरच्यांना वाटलं रात्रभर झोप नाही. नागपूरला पोचला तेव्हा बोलणं नाकातून येत होतं आणि थुंकी गिळता येत नव्हती. अंगावर जखम नाही, सूज नाही, साप कुणी पाहिला नाही. त्याच्या बायकोला विचारलं, "रात्री झोपले कुठे होते?" ती म्हणाली, "खालीच, जमिनीवर. गरम होत होतं म्हणून दाराजवळ." पावसाळा, जमिनीवरची झोप, पहाटेची पोटदुखी, पडत्या पापण्या: हा मण्यार. मण्यार रात्री फिरतो, त्याचा चावा जवळजवळ दुखत नाही आणि दातांच्या खुणा बऱ्याचदा सापडत नाहीत. विष मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामधला संदेश तोडतं आणि श्वासाचे स्नायू बंद पडतात. त्याला प्रतिविष दिलं, श्वासाची नळी टाकून व्हेंटिलेटरवर ठेवलं आणि तो वाचला. पोटाच्या सोनोग्राफीसाठी रांगेत बसवला असता, तर तिथेच श्वास थांबला असता.

पेशंटने लक्षण सांगावं, निदान सांगू नये, हीही एक गोष्ट मनापासून सांगाविशी वाटते. "गॅस झाला" म्हणत आलेली माणसं मी फार पाहिली. गॅस म्हणजे नेमकं काय होतं ते विचारलं की सांगतात: छातीच्या मधोमध कुणी दाबून धरल्यासारखं होतं, चालल्यावर वाढतं, बसल्यावर थांबतं, घाम फुटतो. ही हृदयाची हिस्टरी आहे आणि तिला आधी ईसीजी लागतो, तोही पोचल्यापासून दहा मिनिटांत. बायांमध्ये आणि जुन्या मधुमेहींमध्ये छाती न दुखता नुसती धाप, मळमळ किंवा एकदम आलेली कमजोरी एवढंच असू शकतं.

आता आज फिजिशियनकडे जाताना काय करायचं ते. तुम्ही आईच्या वतीने बोलू नका. हे तुम्हाला लागेल, पण तुम्ही नागपुरात राहता आणि ताप गावात आला. मुलं प्रेमापोटी भराभर उत्तरं देतात आणि आई मान हलवते. मी अनेकदा मुलाला केसपेपर आणायला बाहेर पाठवतो आणि मग बाई सांगते की पंधरा दिवसांपूर्वी ती बांधावरचं गवत कापायला गेली होती, किंवा ताप आल्यावर चार दिवस तिने कुणाला सांगितलंच नाही, कारण निंदणाची मजुरी बुडाली असती. हे घरात कुणालाच माहीत नसतं.

आईला विचारून एका कागदावर लिहा: पहिला त्रास कोणता आणि कुठल्या दिवशी, नंतर काय काय वाढलं, त्याच क्रमाने, ताप येण्याआधीच्या तीन आठवड्यांत कुठल्या शेतात, काय काम केलं, कुठल्या गावी गेल्या, घरात, शेजारी, मजुरीच्या बायांमध्ये आणखी कुणाला ताप आहे का, गोठ्यात जनावरं किंवा घरात उंदीर आहेत का. गावात घेतलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, कागदातल्या सुट्या पुड्या, इंजेक्शनच्या बाटल्यांची नावं, सगळं पिशवीत टाकून आणा. सुट्या पुड्यांत कधी स्टिरॉइड असतं. त्याने ताप दबतो आणि चित्र फसवं होतं. बीपी, शुगर, थायरॉइडची औषधं चालू असतील तर तीही आणा.

डॉक्टरांना नम्रपणे विचारा की स्क्रब टायफसचा आयजीएम एलायझा (त्याच्या अँटिबॉडी शोधणारी रक्ताची तपासणी) करायचा का, मलेरियाचं स्मिअर पुन्हा बघायचं का, आणि लिव्हर, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), लघवी, छातीचा एक्स-रे झाला आहे का. ब्लड कल्चर आता अँटिबायोटिकनंतर कमी उपयोगाचं आहे, तरी ते घेतील. डॉक्सिसायक्लिन मेडिकल स्टोअरमधून स्वतःच आणून सुरू करू नका: आईची किडनी, लिव्हर कशी आहे हे बघायचं आहे, दाखल करायची गरज आहे का हे ठरायचं आहे, आणि गोळी पोटात टिकत नसेल तर ते शिरेतून द्यावं लागेल.

आत गेल्यावर फाईल पुढे सरकवण्याआधी तीन गोष्टी सांगा: त्रास सुरू झाल्याची खरी तारीख, पावसात केलेलं गवतातलं काम, आणि सेफ्ट्रायॅक्झोनच्या सात दिवसांनीही न उतरलेला ताप. खपली सापडली असेल, तर ती चौथी.